जुन्या आलिशान गाडीचं लहरी क्रूझ कंट्रोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तर ते नव्वदच्या दशकांतल्या मोठ्या गाड्या सांभाळणाऱ्यांकडून क्रूझ कंट्रोलबद्दल, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग राखणाऱ्या यंत्रणेबद्दल, जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. वाचताना एक गोष्ट मनात असू द्या: थोडीही शंका आली की स्वतःहून सुटायचं, अशीच ही यंत्रणा बनवलेली असते. त्यामुळे ती मध्येच बंद पडली, तर बहुतेक वेळा तिला कुठूनतरी ‘सोड’ असा निरोप मिळालेला असतो. तो निरोप कुठून आला हे आधी शोधायचं. क्रूझचा नियंत्रक डबा उघडणं आणि भाग बदलणं त्यानंतर.

१. जुन्या गाडीतलं क्रूझ कंट्रोल नेमकं चालतं कसं?

तीन कामं असतात. गाडीचा वेग मोजणं, तो तुम्ही ठरवलेल्या वेगाशी ताडून पाहणं, आणि फरक असेल तेवढा थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) ओढणं किंवा सोडणं. या तिन्हींवर चौथं काम पहारा देतं: ब्रेक दाबला, क्लच दाबला किंवा स्विच बंद केला की सगळं तत्क्षणी सोडून देणं. लहरीपणाच्या बहुसंख्य तक्रारींचं मूळ या चौथ्या कामात किंवा वेग मोजण्यात सापडतं.

ही कल्पना राल्फ टीटर या अमेरिकन इंजिनिअरची. लहानपणीच त्यांची दृष्टी गेली होती. गाडी चालवणाऱ्याचा पाय ॲक्सिलरेटरवर सारखा कमी-जास्त होतो, हे त्यांना शेजारच्या सीटवर बसून जाणवायचं. त्यांना पेटंट १९५० मध्ये मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ही सोय पहिल्यांदा ग्राहकांपर्यंत पोचली. म्हणजे सुरुवातीपासूनच ही मोठ्या, महागड्या गाडीची चीज होती, आणि बरीच वर्षं तशीच राहिली.

२. माझ्या गाडीत कोणत्या प्रकारचं क्रूझ आहे, हे कसं ओळखू?

बॉनेट उघडा आणि थ्रॉटलला ॲक्सिलरेटरच्या केबलशिवाय आणखी काय जोडलंय ते पाहा. तिथून मागे माग काढत गेलात की उत्तर मिळतं.

रबरी भाता किंवा डायफ्रॅमची डबी आणि तिला आलेल्या बारीक नळ्या दिसल्या, तर ओढण्याचं काम व्हॅक्यूम (इंजिन हवा ओढतं तेव्हा तयार होणारी पोकळी) करतो. त्यातही स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून थेट डॅशबोर्डकडे न जाता वाटेत एका धातूच्या डबीत शिरून पुढे जात असेल, तर मेंदूही यांत्रिकच आहे. सत्तरच्या दशकातल्या कॅडिलॅक आणि जनरल मोटर्सच्या इतर मोठ्या गाड्यांत ही रचना सापडते. भाता आहे पण स्पीडोमीटरची केबल सरळ जाते, तर मेंदू इलेक्ट्रॉनिक आहे आणि तो डॅशखाली कुठेतरी डब्यात बसलाय. जॅग्वार एक्सजे-एस या गटातली.

नळी एकही नाही, फक्त जाड वायरिंगचा कनेक्टर असलेली एक जड डबी आणि तिच्यातून निघालेला दांडा किंवा केबल दिसते, तर आत इलेक्ट्रिक मोटर आणि विद्युतचुंबकीय क्लच आहे. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२६ मालिकेत आणि त्या काळातल्या बीएमडब्ल्यूंत व्हीडीओ कंपनीची अशी यंत्रणा असते.

पुढची उत्तरं वाचण्याआधी हे ओळखून घ्या. मोटरवाल्या गाडीत व्हॅक्यूमची गळती शोधत बसण्यात अर्थ नाही.

३. कधी लागतं, कधी लागत नाही. सुरुवात कुठून करू?

वही आणि पेनापासून. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लहरी बिघाडात याच्याइतकं उपयोगी हत्यार नाही. प्रत्येक वेळी सुटल्यावर चार गोष्टी टिपा: इंजिन थंड होतं की गरम, रस्ता सपाट होता की खडबडीत, चढ होता का, आणि त्या क्षणी दुसरं काय चालू केलंत (इंडिकेटर, वायपर, हेडलाइट, हॉर्न). थोड्याच दिवसांत नक्षी दिसायला लागते. धक्क्यांवर सुटत असेल तर प्रश्न ५, तापल्यावर सुटत असेल तर प्रश्न ६, चढावर असेल तर प्रश्न ९, स्टीअरिंग वळवल्यावर असेल तर प्रश्न १२ पाहा.

दरम्यान हत्यारांशिवाय होणाऱ्या तपासण्या उरकून टाका. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नका. काढा, त्याची टोकं आणि खाच स्वच्छ करा, परत बसवा. जुन्या युरोपीय गाड्यांतले गोळीच्या आकाराचे फ्यूज वरून शाबूत दिसतात आणि टोकाशी गंजलेले असतात. नुसता जागेवर गोल फिरवल्यावर क्रूझ परत सुरू झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. मग सगळे ब्रेक लाइट पाहा, तेही एकूण एक. आणि लक्षात ठेवा की ताशी साधारण ४० ते ५० किलोमीटरखाली बहुतेक यंत्रणा वेग पकडतच नाहीत. तो बिघाड नव्हे, तशी योजनाच असते.

४. ब्रेक लाइटचे बल्ब बदलले आणि क्रूझ बंद झालं. संबंध काय?

थेट संबंध आहे, आणि अलीकडे हा प्रश्न वाढलाय, कारण लोक जुन्या गाड्यांना एलईडी बसवतात.

अनेक जुन्या यंत्रणांमध्ये क्रूझचा डबा ब्रेक लाइटच्या वायरवर नजर ठेवून असतो. ब्रेक दाबलेला नसताना ती वायर बल्बच्या तारेतून अर्थला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेली असते, म्हणून डब्याला तिथे जवळपास शून्य व्होल्ट दिसतात आणि तो समजतो की सगळं ठीक आहे. बल्ब उडाले की हा रस्ता तुटतो. एलईडी बसवले तरी तेच, कारण एलईडीतून तेवढा सहज रस्ता मिळत नाही. मग वायरवर एखाद-दोन व्होल्ट तरंगत राहतात, डब्याला वाटतं ब्रेक दाबलेला आहे किंवा सर्किट तुटलंय, आणि तो काम करायला नकार देतो. तो बरोबरच वागतोय.

उपाय सोपा: एका बाजूला तरी मूळ तारेचा बल्ब परत बसवा आणि पाहा. क्रूझ जिवंत झालं तर निदान पक्कं. एलईडी ठेवायचेच असतील तर ब्रेक लाइटच्या वायर आणि अर्थमध्ये योग्य क्षमतेचा रोधक घालता येतो. पण ब्रेक दाबल्यावर तो चांगलाच तापतो, म्हणून तो प्लॅस्टिकपासून दूर, धातूच्या पत्र्यावर बसवावा लागतो. माझं मत विचाराल तर त्या गाडीला तारेचे बल्बच शोभतात आणि कामही तेच चोख करतात. ट्रेलरसाठी नंतर जोडलेलं वायरिंग किंवा मागून घातलेला तिसरा ब्रेक लाइटही असाच गोंधळ घालू शकतो. तो तात्पुरता सोडवून पाहा.

५. खड्ड्यावरून किंवा पुलाच्या सांध्यावरून गेलं की क्रूझ सुटतं. नेमकं काय हलतंय?

सगळ्यात आधी संशय ब्रेकच्या स्विचवर घ्या. पेडल पूर्ण वर आलेलं असताना स्विचचं टोक पुरेसं दाबलेलं राहायला हवं. वर्षानुवर्षांच्या वापराने पेडलचा रबरी टेकू झिजतो, गळून पडतो किंवा स्विच जागेवरून किंचित सरकतो. मग पेडलचं वजन धक्क्याबरोबर मिलिमीटरभर खाली येतं, संपर्क क्षणभर बदलतो, आणि क्रूझला ब्रेक दाबल्याचा निरोप जातो. ब्रेक लाइट इतका थोडा वेळ लागतो की मागच्यालाही तो दिसत नाही.

पाहायची रीत: अंधारात गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि पेडलला बोटाने हलके टिचके मारा. पाय ठेवून दाबायचं नाही, नुसता स्पर्श. भिंतीवर लाल उजेड लुकलुकला तर स्विच नीट जुळवायला हवा. सरकवून घट्ट करण्याचा असेल तर तसा, दात्यांवर पुढे-मागे होणारा असेल तर पेडल हाताने वर ओढून धरा आणि स्विच त्याच्याकडे सरकवा. काही गाड्यांत ब्रेक लाइटचा स्विच वेगळा आणि क्रूझचा वेगळा असतो, दोन्ही तपासा. व्हॅक्यूमच्या गाडीत पेडलला तिसरीही गोष्ट टेकलेली असते, हवा सोडणारी झडप. तिच्याबद्दल प्रश्न १० मध्ये.

स्विच निर्दोष निघाला तर आता बिघाड चालत्या गाडीतच पकडावा लागेल. त्यासाठी दोन छोटे एलईडी इंडिकेटर घ्या, रोधक आणि फ्यूजसकट. एक क्रूझच्या डब्याच्या वीजपुरवठ्याला जोडा, दुसरा ब्रेक लाइटच्या वायरला, आणि दोन्ही शेजारी बसलेल्या माणसाला दिसतील असे चिकटवा. इथे साधा बल्ब वापरू नका. प्रश्न ४ मध्ये सांगितलेला अर्थचा रस्ता तो बल्ब स्वतःच पुरवेल आणि खरा दोष झाकला जाईल. मग नेहमीच्या रस्त्याने फेरी मारा. क्रूझ सुटताना ब्रेकचा दिवा चमकला तर दोष पेडलपाशी. पुरवठ्याचा दिवा मिणमिणला तर फ्यूज, इग्निशन स्विच किंवा कनेक्टर. दोन्ही स्थिर राहिले आणि तरीही सुटलं, तर वेगाचा संकेत किंवा डबा. एका फेरीत निम्मी शक्यता निकाली निघते, आणि नवा भाग एकही विकत घ्यावा लागत नाही.

शेजारी माणूस नसेल तर हा प्रयोग करू नका. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर हवी.

६. पहिला अर्धा तास छान चालतं, मग बंद पडतं. गाडी थंड झाली की परत सुरू. काय समजू?

हे लक्षण डब्याकडे बोट दाखवतं. आतल्या सर्किट बोर्डवरच्या सोल्डरच्या सांध्यांना बारीक तडे गेलेले असतात. इतकी वर्षं दर वेळी तापणं आणि निवणं, वर धक्के. जड भागांच्या पायांभोवती केसासारखी गोल रेघ पडते. थंड असताना दोन्ही कडा टेकलेल्या असतात, तापल्यावर प्रसरण होऊन दूर जातात. काही डबे याच्या उलट वागतात: थंडीत बंद, गाडी आतून गरम झाली की चालू. कारण तेच.

डबा काढण्याआधी एक खात्री करून घ्या. तापून सुटल्यावर एसीची थंड हवा पायांकडे वळवा. डबा तिथेच डॅशखाली असेल आणि थोड्या वेळात क्रूझ परत धरायला लागलं, तर संशय बराच पक्का झाला.

आता दुरुस्ती. बॅटरीची अर्थ वायर सोडा, डबा काढा, बोर्ड बाहेर घ्या. भिंगाखाली तिरक्या उजेडात सोल्डरची बाजू पाहा, विशेषतः कनेक्टरच्या पिना, रिले, पॉवर ट्रान्झिस्टर आणि मोठे रोधक. तड्याची रेघ सापडो न सापडो, हे सगळे सांधे नव्याने करा. जुन्यावरच नुसतं वितळवू नका. जुनं सोल्डर शोषून काढा, फ्लक्स लावा, नवं घाला. बोर्ड शिशाच्या सोल्डरचा आहे, तेव्हा दुरुस्तीही ६०:४० च्या कथील-शिशाच्या सोल्डरनेच करा. ते कमी तापमानाला वितळतं आणि जुन्या बोर्डाचे पातळ तांब्याचे पट्टे उखडत नाहीत. खोलीत हवा खेळती ठेवा आणि नंतर हात धुवा.

बोर्ड बाहेर काढलाच आहे तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलून घ्या. आतला द्रव वर्षांनुवर्षं सुकत जातो. क्षमता तीच, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, १०५ अंश सेल्सियसचा दर्जा, आणि धन-ऋण बाजू तंतोतंत मूळसारखी. काढण्याआधी फोटो घ्या. बोर्डवर फिरवता येणारे छोटे रोधक असतील तर त्यांना हात लावू नका. ते कारखान्यात जुळवलेले असतात, आणि एकदा हलले की मूळ जागा परत सापडणं कठीण.

७. सरळ दुसरा डबा आणून बसवला तर?

चालेल, पण तपासणीचा पर्याय म्हणून नाही. वापरलेला डबा तुमच्या डब्याइतकाच म्हातारा असतो आणि त्याचे सांधेही तितकेच थकलेले. शिवाय एकाच मॉडेलमध्ये इंजिनाप्रमाणे डबे वेगळे असतात. कनेक्टर सारखा आहे म्हणून डबा सारखा, असं होत नाही. चुकीचा डबा बसतो, चालतोही, पण वेग झोकांड्या खातो. भाग क्रमांक शेवटच्या अंकापर्यंत जुळवा. तुमचा मूळ डबा कधीही फेकू नका, कारण दुरुस्त होण्याजोगा सर्वात चांगला नमुना तोच असतो.

८. वेग स्थिर राहत नाही. गाडी हळूच पुढे ओढते, मग सोडते, परत ओढते. याला काय करायचं?

याला झुलणं म्हणू. कारण जवळजवळ नेहमी एकच: थ्रॉटल हलवण्याचा हुकूम आणि थ्रॉटल प्रत्यक्ष हलणं यांत कुठेतरी उशीर होतोय. उशीर झाला की यंत्रणा गरजेपेक्षा जास्त ओढते, मग चूक कळल्यावर गरजेपेक्षा जास्त सोडते.

म्हणून आधी यांत्रिक गोष्टी पाहा. इंजिन बंद ठेवून थ्रॉटलचा दांडा हाताने फिरवा. कुठे अडखळतो का? सांध्यांतले प्लॅस्टिकचे बुश झिजून खुळखुळतात का? मर्सिडीजच्या व्ही-८ इंजिनांवर दांड्यांची आणि सांध्यांची लांबच लांब साखळी असते. प्रत्येक सांध्यातली इवलीशी ढिलाई शेवटी मोठी होते. क्रूझची केबल किंवा मण्यांची साखळी किती सैल आहे तेही पाहा. थोडी सैल हवीच, नाहीतर ती थ्रॉटल पूर्ण मिटू देणार नाही आणि इंजिनाचा आयडल (पाय न ठेवता इंजिन फिरण्याचा वेग) चढा राहील. पण लोंबत असेल तर झुलणं आलंच.

मग वेगाचा संकेत. स्पीडोमीटरची सुई थरथरत असेल तर पुढे जाऊच नका, आधी ती थांबवा. केबलवर चालणाऱ्या गाड्यांत कोरडी पडलेली किंवा तीव्र वळणातून नेलेली केबल आत अडकत-सुटत फिरते. जे तुम्हाला सुईच्या थरथरण्यात दिसतं, तेच क्रूझला वेगाचे खरे चढउतार वाटतात आणि ते इमानदारीने त्यामागे धावतं. आतली तार काढा, पुसा, सपाट पृष्ठभागावर लोळवून ती सरळ आहे ना ते पाहा. वंगण तळाच्या भागालाच आणि थोडंच लावा. वरपर्यंत माखलं तर ते चढून स्पीडोमीटरमध्ये जातं. केबलचं प्रत्येक वळण रुंद ठेवा.

मोटरवाल्या यंत्रणेत आणखी एक जागा आहे. डबीच्या आत थ्रॉटलची स्थिती सांगणारा फिरता रोधक असतो. महामार्गावरचा नेहमीचा वेग म्हणजे त्याच्या पट्टीवरची एकच जागा, आणि तिथेच तो झिजतो. ओळखीची खूण: एका विशिष्ट वेगालाच झुलतं, त्याच्या वर आणि खाली ठीक चालतं. मल्टीमीटर ओहमवर ठेवून डबीचा दांडा हळूहळू फिरवा. आकडा सलग चढायला हवा. मध्येच उडी मारली तर सापडलं.

व्हॅक्यूमच्या गाडीत झुलण्यामागे बारीक गळती असू शकते, ती तपासण्याची रीत प्रश्न १० मध्ये आहे. आणि इंजिनच मिसफायर करत असेल तर क्रूझला दोष देऊ नका. पाय ठेवून स्थिर वेगाने चालवताना गाडी धक्के देते का, ते आधी पाहून घ्या.

९. सपाट रस्त्यावर उत्तम, पण लांब चढावर वेग गळतो. हा बिघाड आहे का?

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या गाडीत थोडं गळणं स्वाभाविक आहे. आयडलला निरोगी पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये साधारण ४३० ते ५६० मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम असतो. चढावर थ्रॉटल उघडत जाईल तसा तो कमी होतो. म्हणजे भात्याला जोराची गरज असते नेमकी तेव्हाच त्याचा जोर ओसरतो. उंच डोंगराळ भागात हवाच विरळ, तिथे आणखी कमी.

यासाठीच व्हॅक्यूम साठवणारी टाकी आणि तिच्या तोंडाशी एकेरी झडप दिलेली असते. वेग ताशी आठ-दहा किलोमीटरपेक्षा जास्त पडत असेल किंवा क्रूझ पूर्ण सुटत असेल, तर ती झडप दोन्ही बाजूंनी फुंकून पाहा. एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. टाकी सहसा फेंडरच्या आत, चिखलाच्या जागी असते आणि गंजून तिला भोक पडतं.

काही गाड्यांत व्हॅक्यूमसाठी स्वतंत्र पंप असतो. तिथे हे कारण लागू नाही; पंप चालल्याचा आवाज येतो का ते ऐका. मोटरवाल्या गाडीत चढावर वेग पडत असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडतो का, की केबलची सैल लांबी त्याला अर्ध्यावर अडवते, ते पाहा.

१०. व्हॅक्यूमची गळती घरी कशी शोधू?

दाबमापक लावलेला हातपंप लागेल. भात्याची नळी काढा, पंप थेट भात्याला जोडा आणि साधारण ३८० मिलिमीटरपर्यंत ओढा. भात्याने थ्रॉटल ओढायला हवा आणि काटा मिनिटभर तरी जागेवर राहायला हवा. भात्याला दोन-तीन नळ्या असतील तर बाकीची तोंडं बंद करायला विसरू नका. काटा घसरला तर रबर फाटलंय. घड्यांच्या आतल्या कडेला तडे असतात. भाता ताणून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. चिकटपट्टीची डागडुजी टिकत नाही, नवीन भाताच घ्या.

भाता चांगला असेल तर नळ्या. बाहेरून काळ्याभोर दिसणारी नळी टोकाशी कडक होऊन सैल झालेली असते. दोन सेंटिमीटर कापून परत खोचा; लांबी पुरत नसेल तर नवी.

शेवटी ब्रेक पेडलवरची झडप. ब्रेक दाबताच ती उघडते आणि भात्यात हवा शिरते, म्हणजे वीज काहीही सांगो, थ्रॉटल सुटतोच. पेडल वर असताना ती पक्की बंद असली पाहिजे. तिची नळी काढून पंपाने तपासा, आणि जागा प्रश्न ५ मधल्या स्विचसारखीच जुळवा. तपासणीसाठी तिची नळी क्षणभर बंद करणं, तेही गाडी उभी असताना, ठीक आहे. तशी बंद ठेवून रस्त्यावर जाणं कधीही नाही.

११. ज्या वेगावर सेट करते त्यापेक्षा थोड्या वेगळ्याच वेगावर गाडी स्थिरावते. जुळवता येईल का?

स्पीडोमीटरची केबल ज्या डबीतून जाते त्या यांत्रिक प्रकारात येतं. जनरल मोटर्सच्या डबीवर हवेची एक बारीक नळी चाकीने कमी-जास्त बाहेर काढता येते. गाडी सेट केलेल्या वेगाखाली बसत असेल तर ती थोडी बाहेर, वर बसत असेल तर थोडी आत. अंशाअंशाने फिरवा आणि दर वेळी रस्त्यावर पाहा. त्याआधी साखळीची ढिलाई मात्र बरोबर असली पाहिजे (प्रश्न ८). इलेक्ट्रॉनिक प्रकारात अशी चूक दिसली तर ढिलाई आणि सांधेच तपासा.

१२. स्टीअरिंग वळवलं की सुटतं, किंवा बटणं कधी ऐकतात, कधी नाही.

बटणं स्टीअरिंगवर असतील तर विजेचा मार्ग गोल तांब्याच्या कड्या आणि त्यांवर टेकलेल्या ब्रशमधून जातो. तेच कडं बहुधा हॉर्नलाही सेवा देतं. हॉर्नही अधूनमधून मुका होत असेल तर जागा सापडली. कड्या साफ करा, ब्रशची स्प्रिंग पाहा, विजेचं काम चालणारं ग्रीस पातळ लावा. एअरबॅग असलेल्या स्टीअरिंगला मात्र घरी हात लावू नका.

मर्सिडीजसारखी वेगळी दांडी असेल तर आतले संपर्क काळवंडतात. दांडीच्या कनेक्टरवर प्रत्येक स्थितीत सलगता (वीज पार जाते का) मोजा. ‘सेट’ नीट पण ‘रिझ्यूम’ (आधीचा वेग परत धरणं) नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते. तपासताना ध्यानात ठेवा, इग्निशन बंद केलं की आठवण पुसली जाते. तेव्हा ‘रिझ्यूम’ न चालणं बरोबरच आहे.

१३. टायरचा आकार किंवा डिफरेन्शियल बदललं, त्याने क्रूझ बिघडेल?

टायरने सहसा नाही. क्रूझ स्वतःच्या संकेताशी वेग जुळवतं. आकडा चुकीचा असला तरी तो स्थिर राहतो. डिफरेन्शियलचं प्रमाण खूप बदललं तर मात्र डब्याची जुळणी बिघडून गाडी झुलू शकते. प्रॉपेलर शाफ्टला चुंबक बांधून संकेत घेणारी नंतर बसवलेली यंत्रणा असेल, तर चुंबक सैल झालाय का आणि सेन्सरपासूनचं अंतर बदललंय का ते पाहा.

१४. गिअर मॅन्युअल आहे. क्लच दाबल्यावर इंजिन एकदम ओरडतं.

क्लच पेडलचा स्विच काम करत नाहीये. तो दुरुस्त होईपर्यंत क्रूझ वापरू नका.

१५. क्रूझ सुटतच नाही, किंवा थ्रॉटल अडकला, तर त्या क्षणी काय करू?

ब्रेक जोरात आणि सलग दाबा. पुन्हापुन्हा दाबून सोडू नका, कारण थ्रॉटल उघडा असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम परत भरत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये टाका. इंजिन ओरडू दे. बाजूला थांबा आणि मग इग्निशन बंद करा. चालत्या गाडीत किल्ली पूर्ण मागे फिरवून काढू नका, स्टीअरिंग कुलूपबंद होईल.

त्यानंतर क्रूझचा फ्यूज काढा, आणि त्याची केबल थ्रॉटलपासून सोडवून बांधून ठेवा. कारण सापडेपर्यंत ती तशीच राहू द्या. भात्याची हवा सोडणारी झडप चिकटलेली असते, मोटरच्या डबीतला क्लच सुटत नाही, किंवा साधी केबल कुठेतरी अडकलेली असते. आणि कोणी म्हणालं की ब्रेकचा स्विच बायपास करून क्रूझ ‘कायमचं’ चालू करून देतो, तर किल्ली त्याच्या हातात देऊ नका.

१६. लिंकनमध्ये क्रूझमुळे उभ्या गाडीला आग लागते म्हणतात. खरं आहे?

खरं आहे. फोर्डच्या अनेक गाड्यांत, नव्वदच्या दशकातल्या लिंकन टाउन कारसकट, ब्रेकच्या द्रवाच्या दाबावर चालणारा क्रूझचा एक स्विच होता. त्याच्या आतला पडदा फाटला की द्रव विजेच्या संपर्कांपर्यंत पोचायचा, आणि त्या स्विचला गाडी बंद असतानाही वीज मिळत असे. १९९९ पासून २००९ पर्यंत टप्प्याटप्प्याने १ कोटी ४० लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या गेल्या. तुमची गाडी त्यातली असेल तर चासी क्रमांकावरून ते काम झालंय का, हे अधिकृत सेवा केंद्रात विचारून घ्या. तोपर्यंत त्या स्विचचा कनेक्टर काढून ठेवा. स्विचभोवती ओल, तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लॅस्टिक दिसलं तर गाडी घरालगत उभी करू नका.

१७. दुरुस्ती झाली. आता खात्री कशी करू?

आधी उभ्या गाडीत: थ्रॉटल हाताने उघडून सोडला की खटकन मिटतो का, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावरही केबल आणि नळ्या कुठे ओढल्या जात नाहीत ना. मग मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर. क्रूझ लावा आणि सर्वात आधी सोडण्याच्या सगळ्या वाटा तपासा: ब्रेकला हलका स्पर्श, दांडीवरचं बंद, मुख्य स्विच, मॅन्युअल असेल तर क्लच. प्रत्येकाने एकट्याने सोडलं पाहिजे. एकही चुकली तर फेरी तिथेच संपवा.

सगळ्या चालल्या तरच वेग किती स्थिर राहतो ते पाहायला लागा, आणि मूळ बिघाड ज्या परिस्थितीत यायचा ती मुद्दाम निर्माण करा. तापल्यावर सुटत होतं तर तासभर चालवा, धक्क्यांवर सुटत होतं तर तोच रस्ता घ्या. ओल्या रस्त्यावर, गर्दीत किंवा घाटाच्या वळणांत ही चाचणी करू नका, आणि पक्कं झाल्यावरही तिथे क्रूझ लावू नका. ओल्या रस्त्यावर चाकं घसरायला लागली तरी ही जुनी यंत्रणा थ्रॉटल ओढतच राहते.